बुसी, निजामाची दौलत आणि नळदुर्गचे कलम

डिसेंबर १७५७ च्या अखेरीस, सिंदखेडची मोहीम संपल्यावर साखरखेर्डा येथे पेशवे आणि निजाम यांच्यात जो तह झाला, त्यान्वये निजामाने मराठ्यांना वार्षिक २५ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि त्याबरोबर नळदुर्गचा किल्ला देण्याचे मान्य केले. मुलखाचा आकडा मोठा असल्याने इतिहासकारांचे लक्ष बहुधा त्याकडेच जाते आणि किल्ल्याचे कलम एका ओळीत उरकले जाते. वास्तविक निजामाच्या दौलतीत त्या वेळी नेमकी कोणती उणीव होती, हे त्या एका ओळीतून पंचवीस लाखांपेक्षा अधिक स्पष्ट दिसते. कारण ज्या माणसाच्या तोफांच्या धाकाने आधीची सहा वर्षे पेशव्यांना निजामाशी सांभाळून वागावे लागले होते, तो माणूस या वेळी दख्खनच्या पठारावर नव्हताच. शार्ल जोझेफ पातिसिए, मार्की द बुसी, मराठी कागदपत्रांतला ‘मुसाबुसी’, शेकडो कोस दूर आंध्रच्या किनारपट्टीवर जमीनदारांकडून वसूल गोळा करीत होता, आणि तो वसूल ज्या फौजेसाठी होता तिचाच दरारा पठारावर ओसरत चालला होता.

नळदुर्ग हा त्या काळातही काही साधा किल्ला नव्हता. सोलापूरकडून हैदराबादेकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर, बोरी नदीच्या वळणात बसलेल्या या भुईकोटाचे मूळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात शोधले जाते आणि लोककथा त्याला नळ राजापर्यंत मागे नेते. तथापि आज दिसणारी भक्कम दगडी तटबंदी ही मुख्यतः विजापूरच्या आदिलशाहीची, विशेषतः पहिल्या अली आदिलशाहाच्या कारकिर्दीतली आहे. १५८० मध्ये अली आदिलशाह मारला गेल्यावर विजापूरच्या गादीवर त्याचा अल्पवयीन पुतण्या बसला, तेव्हा अहमदनगर आणि गोवळकोंडा या दोन्ही राज्यांच्या फौजांनी मिळून नळदुर्गला वेढा घातला, पण किल्ला त्यांच्या हाती लागला नाही. पुढे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने १६१३ मध्ये नदीवर बांध घालून, त्या बांधाच्याच पोटात पाणीमहाल उभा केला. बांधामुळे अडलेले पाणी किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांच्यामध्ये तुंबून राहते, पावसाळ्यात ते नर आणि मादी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन वाटांनी बांधावरून खाली कोसळते, आणि जिना उतरून आतल्या दालनात गेलेल्या माणसाला सज्जातून डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा दिसत असूनही त्याच्या अंगावर थेंब उडत नाही. पाण्याचा भार, दगडाची जोडणी आणि विलास यांचा असा मेळ घालणारे हे बांधकाम मीर इमादीन या स्थापत्यकाराचे मानले जाते. किल्ल्यातला उंच उपळी बुरूज दूरवरचा मुलूख नजरेखाली ठेवतो. असा किल्ला हाती असणे म्हणजे औरंगाबाद, बीदर आणि हैदराबाद या निजामी ठाण्यांच्या मधल्या टापूत पाय रोवण्यासारखे होते, आणि पेशव्यांनी नेमका तोच मागून घ्यावा यात त्यांचा हिशेब दिसतो.

बुसीचा जन्म १७२० च्या सुमारास, पॅरिसच्या ईशान्येस असलेल्या सॉइसाँ शहराजवळच्या आँसिएनव्हिल या गावी झाला. तो मध्ययुगाच्या मधल्या पर्वातला चिलखतधारी सरदार नव्हे, हे खरे. परंतु फ्रान्समधील ज्या उमराव वर्गातून तो आला त्याची घडण मध्ययुगीनच होती. जमीन, कुलनाम आणि तलवार ही या वर्गाची तीन साधने होती; व्यापार करणे कमीपणाचे समजले जाई आणि ज्याच्याकडे कुल आहे पण पुरेशी जमीन नाही, अशा धाकट्या किंवा निर्धन उमरावाला सैन्याची नोकरी हाच मानाचा मार्ग उरे. भारतीय इतिहासलेखनातही अठरावे शतक उत्तर मध्ययुगात धरण्याचा प्रघात आहे, आणि दोन्हीकडच्या सरंजामी व्यवस्था एकमेकींना ओळखतील इतक्या सारख्या होत्या. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरताना बुसीने तत्त्वतः एका व्यापारी पेढीची चाकरी पत्करली होती. प्रत्यक्षात तिच्या आडून त्याला तेच मिळणार होते जे त्याच्या पूर्वजांना राजाकडून मिळत असे, म्हणजे फौज, पदवी आणि मुलूख.

हिंदी महासागरातील फ्रेंच बेटांवरून तो १७४० च्या दशकात पाँडिचेरीला आला आणि १७४८ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरीला घातलेल्या वेढ्यात त्याने काम केले. गव्हर्नर डुप्लेने या तरुण अधिकाऱ्यातले गुण लवकर हेरले. डुप्लेचे राजकारण थोडक्यात सांगायचे तर असे होते की, भारतीय राज्यांत वारसाहक्काची भांडणे पेटली की एका दावेदाराच्या पाठीशी थोडीशी पण कवायती फौज उभी करायची, त्याला गादीवर बसवायचे आणि बदल्यात मुलूख व व्यापारी सवलती घ्यायच्या. १७४८ मध्ये निजाम-उल्-मुल्क आसफजाह मरण पावला आणि त्याच्या मागे दख्खनच्या सुभेदारीसाठी मुलगा नासिरजंग आणि मुलीचा मुलगा मुझफ्फरजंग यांच्यात जे वितुष्ट आले, ते डुप्लेच्या दृष्टीने पर्वणीच होते.

सप्टेंबर १७५० मध्ये बुसीने जिंजी जिंकली. मराठी वाचकाला जिंजीचे नाव ऐकल्यावर छत्रपती राजारामांचा तेथील निवास आणि जुल्फिकारखानाचा सुमारे आठ वर्षांचा वेढा आठवणारच. त्याच तीन टेकड्यांवरच्या किल्ल्यांत बुसीच्या तुकड्या एका रात्रीत शिरल्या. दोन्ही घटनांची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल, कारण १७५० च्या जिंजीत राजारामांच्या काळातली जिद्द असलेली शिबंदी नव्हती. परंतु रात्रीचा हल्ला, तोफांचा आधार आणि शिस्तबद्ध चढाई यांचा एकत्रित परिणाम काय होऊ शकतो, हे दख्खनच्या दरबारांनी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. डिसेंबर १७५० मध्ये पठाण नबाबांच्या कटात नासिरजंग मारला गेला, मुझफ्फरजंग सुभेदार झाला आणि बुसी सुमारे ३०० फ्रेंच सैनिक व २००० च्या आसपास देशी शिपाई घेऊन त्याला दख्खनमध्ये पोहोचवण्यासाठी निघाला. फेब्रुवारी १७५१ मध्ये वाटेत रायचोटीजवळ त्याच पठाण नबाबांशी झालेल्या झटापटीत मुझफ्फरजंगही पडला. सारे राजकारण एका दिवसात कोसळावे असा हा प्रसंग होता. पण छावणीत कैदेत असलेल्या सलाबतजंगाला, म्हणजे आसफजाहाच्या तिसऱ्या मुलाला, बुसीने तेथेच गादीवर बसवले आणि मोहीम जणू काही घडलेच नाही अशी पुढे चालू ठेवली. त्याच्या आयुष्यातला हा पहिला स्वतंत्र निर्णय होता. जो सुभेदार त्याने निवडला तो स्वभावाने दुबळा होता, आणि बुसीला त्याची पुरेपूर कल्पना असावी असे पुढच्या वागण्यावरून वाटते.

१७५१ च्या उन्हाळ्यात ही फौज हैदराबादमार्गे औरंगाबादेत पोहोचली. फौज लहान होती, पण तिचे बळ संख्येत नव्हते. दख्खनी फौजांतील बहुतेक पायदळाच्या हाती तोड्याच्या बंदुका असत. त्यांना पेटती वात लावावी लागे, पावसात त्या निकामी होत आणि बार भरायला वेळ लागे. फ्रेंचांच्या चापाच्या बंदुकीला वात लागत नसे, तिच्या टोकाला संगीन बसवता येई, आणि रांगेने उभे राहून हुकमासरशी बार काढण्याची कवायत शिपायांकडून रोज करून घेतली जाई. दरबारी तोफा अजस्र असत, शेकडो बैल जुंपून त्या ओढाव्या लागत आणि दिवसाकाठी मोजकेच गोळे टाकत. बुसीच्या तोफा हलक्या होत्या, युद्धाच्या ऐन गर्दीत त्या वळवता येत आणि जवळ आलेल्या घोडदळावर गोळ्यांचा वर्षाव करता येई. अशा कवायती पायदळाला मराठीत गार्दी म्हणू लागले. मात्र या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती: बुसीच्या शिपायांना पगार वेळेवर मिळत असे. निजामी फौजेत महिनोन् महिने तलब थकणे ही रीतच होती, आणि थकलेल्या तलबेपायी शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसत, प्रसंगी त्याला कापूनही काढीत. एप्रिल १७५२ मध्ये सलाबतजंगाचा दिवाण राजा रघुनाथदास असाच तलब थकलेल्या शिपायांच्या हातून मारला गेला. बुसीने हा धडा डोळ्यांनी पाहिला आणि आयुष्यभर विसरला नाही.

नोव्हेंबर १७५१ मध्ये सलाबतजंगाने पुण्याच्या रोखाने चढाई केली तेव्हा बाळाजी बाजीराव पेशव्याला या फौजेची पहिली चुणूक मिळाली. चंद्रग्रहणाच्या रात्री, कुकडी नदीच्या काठी पेशव्याची छावणी स्नान-दानात गुंतलेली असताना फ्रेंचांनी अचानक हल्ला केला. पेशव्याला पूजेचे साहित्य तेथेच टाकून निघून जावे लागले, छावणी उधळली गेली, आणि पुढच्या काही दिवसांत तळेगाव ढमढेऱ्यासह भोवतालचा मुलूख जाळला गेला. मराठ्यांनी लगोलग घोडनदीच्या बाजूला जोरदार प्रतिहल्ले करून शत्रूचा पुण्याकडचा रेटा थांबवला आणि त्यांची रसद तोडली, त्यामुळे जानेवारी १७५२ मध्ये तहाची बोलणी झाली. या मोहिमेत कोण जिंकले, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. रणांगणावर फ्रेंच तोफांना तोड नव्हती, आणि रणांगणाबाहेर मराठ्यांच्या घोडदळाला. निजामाची फौज या दोन्हींच्या मध्ये उपाशी राहिली, हेच त्याचे खरे उत्तर आहे. पेशव्याने त्यातून काढलेला निष्कर्ष फार व्यावहारिक होता. थोड्याच अवधीत बुसीच्या हाताखाली तयार झालेला मुझफ्फरखान गार्दी पुण्याच्या नोकरीत आला.

त्याच वर्षी आसफजाहाचा थोरला मुलगा गाझीउद्दीन मराठ्यांच्या पाठिंब्याने दिल्लीहून सुभेदारीवर हक्क सांगायला आला आणि ऑक्टोबर १७५२ मध्ये औरंगाबादेत विषप्रयोगाने मेला. त्याने मराठ्यांना जे देऊ केले होते ते सलाबतजंगाने द्यावे, असा आग्रह पेशव्याने धरला, आणि नोव्हेंबर १७५२ मध्ये भालकी येथे झालेल्या तहात तापी आणि गोदावरी यांच्यामधील, वऱ्हाडच्या पश्चिमेकडचा मुलूख मराठ्यांना मिळाला. हा तह घडवून आणण्यात बुसीचा हात होता. निजामाची मोठी हानी होऊ देणारा तह त्याने का मान्य केला, हे कोडे नाही: पेशव्याशी वैर कायम राहिले असते तर त्याची लहानशी फौज दर हिवाळ्यात कोणत्या तरी नदीच्या काठी अडकून पडली असती. आपण कोणत्या गोष्टी जिंकू शकतो आणि कोणत्या सांभाळू शकत नाही, याची त्याची जाण डुप्लेपेक्षा अधिक पक्की होती.

१७५३ च्या आरंभी आजारपणामुळे बुसी मच्छलीपट्टणला गेला. तो दूर होताच दिवाण सय्यद लष्करखानाने फ्रेंच तुकड्यांचा पगार रोखला आणि त्यांना निरनिराळ्या ठिकाणी पांगवून टाकले, म्हणजे न लढता फौज विरघळावी. बुसी परत आला, फौज एकत्र केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबादेत त्याने सलाबतजंगाकडून कोंडापल्ली, एलुरू, राजमहेंद्री आणि श्रीकाकुळम ही चार सरकारे फौजेच्या खर्चासाठी लिहून घेतली. येथे ‘सरकार’ म्हणजे अनेक परगण्यांचा मिळून झालेला महसुली विभाग. या चारांमुळे बंगालच्या उपसागराला लागून असलेली लांबलचक किनारपट्टी फ्रेंचांच्या हाती आली, आणि युरोपातील इतिहासकार तिच्याकडे बहुतेक फ्रेंच साम्राज्याचा पाया म्हणून पाहतात. मराठी वाचकाला मात्र तिच्यात सरंजाम ओळखू येतो. पेशवे शिंदे-होळकरांना जसे मुलूख नेमून देत आणि त्या वसुलातून ठरावीक फौज बाळगण्याची जबाबदारी टाकीत, त्याच रीतीने निजामाने बुसीला किनारा नेमून दिला होता. सैफ-उद्-दौला, उम्दत-उल्-मुल्क अशा पदव्या, दरबारातली बैठक, हत्ती आणि नौबत हे सारे त्याला मिळाले, आणि ते केवळ शोभेचे नव्हते. फ्रेंच उमराव कुळातला हा माणूस दख्खनच्या दरबारात इतका सहज रुळला, कारण त्याला तेथे काहीही परके वाटण्याचे कारण नव्हते. परका होता तो कंपनीचा हिशेबनीस.

या व्यवस्थेत एक दोष होता आणि तो भूगोलाचा होता. ज्या दरबाराच्या भरवशावर हा सरंजाम टिकणार होता तो कधी औरंगाबादेत, कधी हैदराबादेत असे; ज्या मुलखातून पैसा यायचा तो पूर्व घाटापलीकडे, समुद्राकाठी. बुसी दरबारात राहिला तर किनाऱ्यावरचे जमीनदार वसूल थकवीत. किनाऱ्यावर गेला तर दरबारातले मुत्सद्दी त्याच्या पायाखालची जमीन काढून घेत. शिंद्यांचा सरंजाम माळव्यात होता आणि त्यांची फौजही माळव्यातच राही; बुसीला मात्र कायम दोन ठिकाणी असावे लागे, आणि १७५४ मध्ये डुप्लेला फ्रान्सला परत बोलावले गेल्यानंतर पाँडिचेरीहून मदत मिळण्याची आशाही क्षीण झाली.

१७५६ मध्ये याची प्रचीती आली. पेशवे सावनूरच्या नबाबाला वेढा घालून बसले होते. मुझफ्फरखान गार्दी पेशव्यांशी बिनसल्यावर नबाबाकडे गेला होता, आणि सलाबतजंग पेशव्यांच्या मदतीला आला तेव्हा बुसीच्या तोफांनी सावनूरचा निकाल लावला. ज्याने चार वर्षांपूर्वी पेशव्याची छावणी उधळली, तोच आता पेशव्याच्या बाजूने तोफा डागत होता. त्या वेढ्यानंतर लगेच दिवाण शाहनवाजखानाने बुसीला निजामाच्या नोकरीतून काढल्याचा हुकूम काढला. शाहनवाजखान हा साधा कारस्थानी नव्हता. मुघल सरदारांच्या चरित्रांचा ‘मआसिर-उल्-उमरा’ हा प्रचंड ग्रंथ त्याचाच, आणि परदेशी फौजेच्या मुठीत गेलेले राज्य सोडवावे ही त्याची भूमिका दख्खनी दृष्टीने समजण्याजोगी होती. बुसीने भांडण न करता कूच केले. पेशव्याने त्याला वाटेत घोडदळाची सोबत दिली आणि आपल्या नोकरीत येण्याचे सुचवले, ते त्याने नम्रपणे टाळले. हैदराबादेत पोहोचल्यावर मात्र तो थांबला, चारमहाल या बागेतल्या वाड्यांत मोर्चेबंदी करून बसला, आणि मच्छलीपट्टणहून कुमक येईपर्यंत त्याने निजामी फौजेला दाद दिली नाही. ऑगस्टमध्ये सलाबतजंगाने समेट करून त्याला पूर्वीचे सारे अधिकार परत दिले.

समेट झाला तरी चार सरकारांची घडी विस्कटली होती. वसूल थांबला होता, म्हणून १७५६ च्या अखेरीस बुसी किनाऱ्याकडे निघाला. जानेवारी १७५७ मध्ये विजयनगरमच्या राजाच्या बाजूने त्याने बोब्बिलीच्या किल्ल्यावर चालून जाऊन तो घेतला. आतल्या लोकांनी शरण जाण्यापेक्षा बायकामुलांसह मरण पत्करले, आणि तेलुगू लोकपरंपरेत ही कहाणी आजही सांगितली जाते. बुसीच्या चरित्रातला हा सर्वांत काळा प्रसंग आहे, आणि तो वसुलाच्या भांडणातून घडला. त्याच वर्षी विशाखापट्टणमची इंग्रज वखार त्याच्या हाती आली. बंगालमध्ये मात्र त्याच उन्हाळ्यात चंद्रनगर आणि पलाशी या दोन्ही ठिकाणी फ्रेंचांच्या हातून बाजी निसटली होती.

बुसी किनाऱ्यावर आहे, हे औरंगाबादेत आणि पुण्यात दोन्हीकडे ठाऊक होते. शाहनवाजखानाने दौलताबादचा किल्ला हस्तगत केला, सलाबतजंगाचा धाकटा भाऊ निजामअली पुढे सरसावला आणि सुभेदारीची सूत्रे त्याच्याकडे गेली. पेशव्याने ही वेळ साधली. नावाला विश्वासराव आणि प्रत्यक्षात दत्ताजी शिंदे यांच्या हाती असलेली मराठी फौज मराठवाड्यात उतरली. निजामाच्या बाजूचा सिंदखेडचा रामचंद्र जाधव कोंडला गेला, त्याला सोडवायला निजामअली आला आणि डिसेंबर १७५७ मध्ये सिंदखेडच्या परिसरात काही दिवस निकराच्या लढाया झाल्या. ज्या जाधवांच्या घराण्यात जिजाबाईंचा जन्म झाला त्यांचेच गाव या लढायांचे केंद्र व्हावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शिवाय तह झाला तो साखरखेर्ड्याला, जेथे १७२४ मध्ये आसफजाहाने मुबारिझखानाला मारून दख्खनमध्ये आपले स्वतंत्र राज्य उभे केले होते. तेहतीस वर्षांनी त्याच रानात त्याच्या मुलाने २५ लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग लिहून दिला.

कवायती तोफखाना त्या वेळी सिंदखेडला असता तर निकाल उलटा लागला असता, असे म्हणण्याचे धाडस करू नये. १७५१ मध्ये तोफा असूनही निजामाची फौज उपाशी राहिलीच होती. पण तहातली कलमे कोणती असतील, हे बहुधा बदलले असते. खुल्या मुलखातले परगणे देणे निजामाला नवे नव्हते, ते भालकीलाही दिले होते. आदिलशाही काळापासून अभेद्य समजला जाणारा, दोन शाह्यांच्या संयुक्त वेढ्याला पुरून उरलेला दगडी किल्ला एका मोहिमेच्या अखेरीस कागदावर सोडून देणे, ही मात्र दरबाराचा कणा मोडल्याची खूण होती. किल्ला राखायला भिंत लागते आणि भिंतीच्या आत पगार मिळालेली शिबंदी लागते. नळदुर्गला भिंत होती.

बातमी कळताच बुसी राजमहेंद्रीकडून निघाला आणि सातशे किलोमीटरांहून अधिक अंतर वेगाने कापून फेब्रुवारी १७५८ च्या सुमारास औरंगाबादेत पोहोचला. त्याने युक्तीने दौलताबादचा किल्ला घेतला, सलाबतजंगाला पुन्हा प्रतिष्ठा दिली आणि निजामअलीला वऱ्हाडपासून दूर ठेवण्याचा घाट घातला. मे महिन्यात निजामअलीने बुसीचा दिवाण हैदरजंग याला भेटीला बोलावून डेऱ्यातच ठार करवले. त्यानंतर उसळलेल्या गोंधळात नजरकैदेत असलेला शाहनवाजखान आणि त्याचा मुलगा मारले गेले, निजामअली बुऱ्हाणपूरकडे पळाला. दरबार पुन्हा बुसीच्या हाती आला. तेवढ्यात पाँडिचेरीचा नवा सेनापती काउंट लाली याचा हुकूम आला: सगळी फौज घेऊन दक्षिणेत या. दख्खनमधल्या या फ्रेंच सत्तेला आतून कोणी उखडू शकले नव्हते, ती एका पत्राने संपली. सलाबतजंगाने अडवण्याचा प्रयत्न केला. बुसीने अधिकाऱ्याचे कर्तव्य म्हणून हुकूम पाळला. डिसेंबर १७५८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल फोर्डने किनाऱ्यावर फ्रेंचांचा पराभव केला, एप्रिल १७५९ मध्ये मच्छलीपट्टण घेतले, आणि सलाबतजंगाने मुकाट्याने इंग्रजांशी तह केला.

२२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाश येथे लालीचा पराभव झाला आणि बुसी इंग्रजांच्या हाती सापडला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ३ फेब्रुवारीला, उदगीरजवळ सदाशिवरावभाऊने निजामाला कोंडून ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर, अहमदनगर, बुऱ्हाणपूर ही ठाणी मिळवली. या लढाईत मराठ्यांच्या बाजूने तोफा चालवत होता तो इब्राहिमखान गार्दी, जो पूर्वी बुसीच्या हाताखाली शिकून निजामअलीच्या नोकरीतून भाऊकडे आला होता. औसा-उदगीरच्या या पट्ट्यात निजामाच्या घोडदळाने धारूरकडे निघण्याची धडपड केली आणि गार्दी पलटणांनी ती वाट रोखली. सिंदखेडला जी गोष्ट मराठ्यांनी बुसीच्या गैरहजेरीत मिळवली होती, तिच्या कितीतरी पट त्यांनी उदगीरला बुसीच्याच पद्धतीने मिळवली. पुढच्या वर्षी १४ जानेवारीला पानिपतावर हीच पलटण मारली गेली.

बुसी फ्रान्सला परतला आणि पॅरिसमध्ये श्रीमंत, मानमरातबाचा मार्की म्हणून राहिला. लालीवर खटला चालून १७६६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. बुसी मात्र त्या वादळातून सुखरूप सुटला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या निमित्ताने फ्रान्सने १७८३ मध्ये त्याला पुन्हा भारतात पाठवले तेव्हा तो साठी ओलांडलेला, संधिवाताने जर्जर झालेला होता. कडलूरला इंग्रजांचा वेढा पडला, हैदरअलीच्या मृत्यूनंतर टिपूशी त्याचे जुळत नव्हते, आणि लढाईचा निकाल लागण्याआधीच युरोपातल्या तहाची बातमी आली. ७ जानेवारी १७८५ रोजी पाँडिचेरीत त्याचा मृत्यू झाला. तोवर सलाबतजंगाला पदच्युत होऊन बीदरच्या किल्ल्यात मरण आले होते, निजामअली हैदराबादचा निर्वेध मालक झाला होता आणि नळदुर्गचा मुलूखही निजामाच्याच राज्यात होता. १८५३ च्या तहानंतर त्याच नळदुर्गात कर्नल मेडोज टेलर इंग्रज अंमलदार म्हणून राहायला आला.

बुसीच्या शेवटच्या छावणीत मिशेल रेमाँ नावाचा एक तरुण अधिकारी त्याचा सहायक होता. बुसीच्या मृत्यूनंतर तो हैदराबादेत निजामअलीच्या नोकरीत गेला, म्हणजे ज्याने हैदरजंगाला मारवून बुसीचा डाव उधळला त्याच निजामअलीच्या, आणि तेथे त्याने जुन्याच पद्धतीने पायदळ पलटणी बांधल्या, तोफा ओतण्याचे कारखाने घातले आणि खर्चासाठी जहागीर घेतली. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणांगणावर रेमाँच्या पलटणी मराठ्यांविरुद्ध उभ्या राहिल्या; त्या टिकून लढत असतानाच निजाम रात्री माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि त्याला तह करावा लागला. १७९८ मध्ये रेमाँ मरण पावला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी हैदराबादेतील या फ्रेंच पलटणी निःशस्त्र करून बरखास्त केल्या. त्या वेळीही थकलेल्या पगारासाठी शिपायांनी आपल्या फ्रेंच अधिकाऱ्यांना आधीच कोंडून ठेवले होते.